तैवानचा स्थानिक राजकारणी कसा घडतो आणि कुठे अडखळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: तैवानमध्ये गल्लीतल्या सर्वांत लहान पदावर निवडून आलेला माणूस पायरी-पायरीने महापौर होतो का? आणि या वाटेवर मतं, पैसा आणि कायदा यांचा हिशेब कसा असतो?

आधी सरळ उत्तर. पायऱ्या कागदावर आहेत, पण माणसं त्या क्रमाने चढत नाहीत. वस्तीप्रमुख, नगरसेवक आणि महापौर ही तीन वेगवेगळी करिअर आहेत. तिघांना लागणारी कौशल्यं वेगळी, मतं मिळवण्याचं गणित वेगळं आणि पडण्याची कारणंही वेगळी. एकातून दुसऱ्यात जाता येतं, पण जाताना जवळजवळ सगळं नव्याने शिकावं लागतं.

मराठी वाचकाने एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. आपल्याकडच्या महापौराकडे मान असतो आणि कारभार आयुक्तांच्या हातात असतो. तैवानचा महापौर थेट लोकांतून निवडून येतो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. देशात वरच्या पातळीवरची २२ स्थानिक सरकारं आहेत: ६ विशेष महानगरं (तैपेई, न्यू तैपेई, ताओयुआन, ताइचुंग, ताइनान, काओश्युंग), ३ शहरं आणि १३ काउंट्या. काउंटीचा प्रमुखही असाच थेट निवडला जातो. मुदत चार वर्षांची, आणि सलग दोनदाच. नगरसेवक आणि वस्तीप्रमुख यांना मात्र अशी मर्यादा नाही, ते हवे तितक्या वेळा निवडून येऊ शकतात. करिअरचा आकार या एका फरकाने ठरतो. नगरसेवक वीस वर्षं एकाच जागी मुरू शकतो. महापौराला पहिल्या दिवसापासून आठ वर्षांनंतर कुठे जायचं याचा विचार करावा लागतो.

२०१४ पासून ही सगळी पदं एकाच दिवशी निवडली जातात. नऊ प्रकारची पदं एकत्र, म्हणून तिथे तिला 'नऊ-एकात' निवडणूक म्हणतात. २९ नोव्हेंबर २०१४, २४ नोव्हेंबर २०१८ आणि २६ नोव्हेंबर २०२२ या तीन तारखा लक्षात ठेवल्या, तर बहुतेक नेत्यांचे चढउतार त्यांच्याभोवती मांडता येतात.

सगळ्यांत खाली वस्तीप्रमुख. शहरात त्याला 'लीजांग' म्हणतात. देशभरात अशी ७,७०० हून अधिक पदं आहेत. पगार नाही, दरमहा कामकाजाचा भत्ता मिळतो. बहुसंख्य वस्तीप्रमुख कुठल्याही पक्षाचं नाव न लावता लढतात, कारण दोन्ही मोठ्या पक्षांच्या समर्थकांची घरं एकाच गल्लीत असतात आणि पक्षाचं चिन्ह लावलं की अर्धी दारं अर्धवट बंद होतात. काम अगदी जमिनीवरचं: तुंबलेलं गटार, डेंग्यूच्या काळात साचलेलं पाणी शोधणं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस, ध्वनिक्षेपकावरून सूचना. २०२० मध्ये कोरोनामुळे घरात अलग ठेवलेल्या लोकांना रोज फोन करून विचारपूस करण्याचं कामही बऱ्याच अंशी वस्तीप्रमुख आणि वस्तीचे सरकारी कर्मचारी यांनीच केलं.

इथे माणूस पडतो तो बहुधा फार थोड्या मतांनी. मतदार काही शे ते काही हजार असल्यामुळे दहा-वीस मतांनी निकाल फिरतो, आणि त्यातूनच इथला ठरलेला गुन्हा जन्माला येतो: नातेवाइकांची घरनोंदणी मतदानापुरती वस्तीत हलवायची. मतदाराने त्या मतदारसंघात सलग चार महिने नोंदलेलं असावं लागतं, म्हणून ही हलवाहलव निवडणुकीच्या चार-पाच महिने आधी दिसते. सरकारी वकील नेमकी त्याच काळातली नोंदणी तपासतात. एका पत्त्यावर अचानक आठ जण राहायला आले, तर चौकशी ठरलेली. तिथे याला 'भुताची लोकसंख्या' म्हणतात आणि तो फौजदारी गुन्हा आहे. मतं अगदी समान पडली तर निकाल चिठ्ठी काढून लागतो.

आता नगरसेवक. हे सगळ्यांत जास्त समजून घेण्यासारखं करिअर आहे, कारण इथली मतदानपद्धत फारशी कुठे सापडत नाही. एका मतदारसंघातून अनेक नगरसेवक निवडायचे, पण प्रत्येक मतदाराला मत एकच. महाराष्ट्रात बहुसदस्य प्रभागात जागा अ, ब, क, ड अशा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देता येतं. तैवानमध्ये तसं नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि वरून मोजत जितक्या जागा तितके निवडून.

आकडे घालून पाहू. समजा जागा १० आणि वैध मतं २ लाख. १८,१८२ मतं मिळाली की जागा पक्की, कारण तितकी मतं ११ जणांना मिळूच शकत नाहीत. प्रत्यक्षात शेवटची जागा याच्या बरीच खाली जाते. आता एका पक्षाकडे ४० टक्के, म्हणजे ८० हजार मतं आहेत. चार उमेदवारांना प्रत्येकी २० हजार पडली तर चारही निवडून येतात. पण त्यातल्या एका लोकप्रिय माणसाने ३५ हजार खेचली, तर उरलेल्या तिघांना मिळून ४५ हजार राहतात. ती १९, १४ आणि १२ अशी विभागली गेली की तिसरा पडण्याच्या काठावर येतो. म्हणजे पक्षाला मतं तितकीच, आणि जागा एकाने कमी. यावर पक्षांनी काढलेला उपाय म्हणजे मतवाटप: निष्ठावान मतदारांना सांगायचं की तुमच्या ओळखपत्राचा शेवटचा आकडा अमुक असेल तर मत अमक्याला, किंवा जन्ममहिन्यानुसार तमक्याला.

याचा नगरसेवकाच्या स्वभावावर खोल परिणाम होतो. त्याचा खरा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा स्वतःच्याच पक्षाचा असतो, कारण दोघंही त्याच मतदाराकडे मत मागत असतात. 'मी निवडून येतोच आहे' असं दिसणं इथे घातक. समर्थकांना वाटतं, हा सुटला, आता दुसऱ्याला वाचवू. म्हणून शेवटच्या आठवड्यात चांगल्या स्थितीतले उमेदवारही 'जागा धोक्यात, वाचवा' असे फलक लावतात. मतदानाआधीच्या १० दिवसांत जनमत चाचण्या प्रसिद्ध करायला बंदी आहे, त्यामुळे हे फलक खरे की खोटे ते मतदाराला तपासता येत नाही. महिलांसाठी दर ४ जागांमागे किमान १ राखीव असते. आज सभागृहांत महिला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत आणि बहुतेक जणी राखीव जागेचा आधार न घेता निवडून येतात.

साधारण ७ ते १० टक्के मतांवर जागा मिळते, हे एकदा कळलं की नगरसेवकाची दिनचर्या उलगडते. त्याला सगळ्या शहराला आवडायची गरज नाही. पंधराएक हजार माणसं अशी हवीत, जी पावसात छत्री घेऊन त्याच्यासाठी बाहेर पडतील. ती जोडण्याचं ठिकाण म्हणजे त्याचं सेवा-कार्यालय. रस्त्यालगत तळमजल्यावर, बाहेर मोठा फोटो, आत चहाचं टेबल, आणि आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी फुकट सल्ला देणारा वकील. अपघाताची भरपाई, घरमालकाशी वाद, वारसाहक्क, दंडाची नोटीस, असं सगळं इथे येतं. लग्नांना हजेरी, अंत्यविधीला शोकपट (श्रद्धांजलीचा कापडी फलक), देवळाच्या उत्सवात सगळ्यांत पुढची उदबत्ती हेही न चुकता. ग्रामीण भागात याला शेतकरी संघ, मच्छीमार संघ आणि देवस्थान समित्या यांच्या जाळ्याची जोड असते. या जाळ्यातले मतं गोळा करणारे जे खांब, त्यांना तिथे खरोखरच 'खांबाचा पाय' म्हणतात. ताइचुंगच्या जुन्या काउंटीत लाल आणि काळा असे दोन गट पिढ्यानपिढ्या चालत आले, काओश्युंगच्या काउंटीत पांढरा, लाल आणि काळा. हे गट कित्येक जागी पक्षांपेक्षा टिकाऊ ठरले.

नगरसेवकाचं सर्वांत उपयोगी हत्यार भाषण नाही, स्थळपाहणी आहे. एखाद्या चौकात शाळेची मुलं रस्ता ओलांडतात आणि विजेचा खांब आडवा येतो. वस्तीप्रमुख नगरसेवकाच्या सहायकाला फोन करतो. सहायक वाहतूक खातं, बांधकाम खातं, वीज कंपनी आणि जिल्हा कार्यालय यांना एकाच वेळेचं पत्र पाठवतो. ठरलेल्या सकाळी दहा-बारा माणसं त्या खांबाभोवती उभी राहतात. कोणी फीत लावून पदपथाची रुंदी मोजतो, कोणी म्हणतो खांब हलवायला जमिनीखालची वाहिनी आडवी येते, आणि सहायकाच्या हातातल्या पाटीवर हजेरीपत्रक फिरत राहतं. शेवटी काय ठरलं ते चार ओळींत लिहून प्रत्येक खात्याची सही घेतात. ही सही म्हणजेच सगळं काम. सही नसली की महिन्याभराने प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. नवखे नगरसेवक इथेच चुकतात: पाहणी होते, फोटो निघतो, ज्या खात्याकडे पैसा आहे त्याचा माणूस आलेलाच नसतो, आणि खांब तिथेच राहतो.

सभागृहातली ताकद मर्यादित आहे. नगरसेवकांना अंदाजपत्रक कापता येतं, पण खर्च वाढवण्याचा प्रस्ताव मांडता येत नाही. म्हणून आपल्या भागासाठी काही हवं असेल तर ते महापौराच्या प्रशासनाकडून मागूनच मिळतं, आणि मागण्याचं बळ येतं ते कापण्याच्या धमकीतून व महापौराला समोर उभं करून विचारलेल्या प्रश्नांतून. चांगला नगरसेवक एका खात्याचा अभ्यास करतो, त्याच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या खर्चाच्या नोंदी वाचतो आणि वर्षभर तोच विषय लावून धरतो. रोज नव्या विषयावर ओरडणारा बातमीत दिसतो, पण खात्यातले अधिकारी त्याला घाबरत नाहीत.

पैशाचं बोलू. २०२२ मध्ये उमेदवारीची अनामत विशेष महानगराच्या महापौरपदासाठी १५ लाख तैवानी डॉलर होती, तिथल्या नगरसेवकासाठी २ लाख, वस्तीप्रमुखासाठी ५० हजार. उमेदवाराला प्रत्येक मतामागे ३० डॉलर सरकारकडून परत मिळतात, पण त्यासाठी किमान मतं लागतात: एकच जागा असेल तर विजेत्याच्या मतांचा तिसरा हिस्सा, अनेक जागा असतील तर निवडून येण्याला लागलेल्या मतांच्या निम्मी. वयाची अट नगरसेवक आणि वस्तीप्रमुखासाठी २३, महापौरासाठी ३०. मत विकत घेणाऱ्याला ३ ते १० वर्षं तुरुंगवास आणि १० लाख ते १ कोटी डॉलर दंड होऊ शकतो. प्रचारात वाटायच्या वस्तूंसाठी ३० डॉलरची मर्यादा मानली जाते, म्हणून प्रत्येक निवडणुकीत कागदी रुमाल, पंखे आणि मुखपट्ट्याच वाटलेल्या दिसतात.

तरीही नगरसेवक सर्वांत जास्त अडकतात ते मतखरेदीत नाही, सहायकांच्या पगारात. विशेष महानगरातल्या नगरसेवकाला सरकारी खर्चाने ६ ते ८ सहायक ठेवता येतात, काउंटीतल्याला २ ते ४. पैसा सहायकाच्या नावाने येतो. मग पळवाट निघते: नातेवाइकाचं नाव लावायचं, किंवा खऱ्या सहायकाचा पगार जास्त दाखवून वरची रक्कम परत घ्यायची. त्यातून कार्यालयाचं भाडं आणि शोकपटांचा खर्च भागवला, म्हणून आपण चोरी केली नाही, असा बचाव वारंवार ऐकू येतो. पण पदाचा गैरफायदा घेऊन फसवणूक केल्याचं कलम लागलं तर किमान शिक्षा ७ वर्षांची आहे. कित्येक चांगली चाललेली करिअर या एकाच कारणाने संपली. नव्या नगरसेवकाने पहिल्या महिन्यातच पगाराचं खातं आणि कार्यालयाचं खातं पूर्ण वेगळं ठेवावं, आणि सहायकाचं बँक पुस्तक दुसऱ्या कोणाच्याही खणात राहू देऊ नये.

महापौरपदाकडे येणारी माणसं बहुधा या चहाच्या टेबलावरून येत नाहीत. चेन श्वेइ-ब्येन १९८१ मध्ये तैपेईचे नगरसेवक झाले, १९९४ मध्ये महापौर आणि २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष. पण मधे ते संसदेत होते. लाई चिंग-ते संसदेतून थेट ताइनानचे महापौर झाले. चेन चू राजकीय कैदी होत्या, मग तैपेई आणि काओश्युंगमध्ये समाजकल्याण खात्याच्या प्रमुख, आणि २००६ मध्ये अवघ्या १,११४ मतांनी काओश्युंगच्या महापौर. होउ यू-यी पोलीस दलाचे प्रमुख, मग सातेक वर्षं न्यू तैपेईचे उपमहापौर, आणि त्यांची पहिली निवडणूकच महापौरपदाची. कारण उघड आहे. एकच जागा, लाखो मतदार, आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास मतं लागतात. तिथे पंधरा हजार निष्ठावान पुरत नाहीत, ज्यांना तुम्ही फारसे आवडत नाही त्यांनीही मत द्यावं लागतं. पक्षही उमेदवार ठरवताना बहुतांशी दूरध्वनी चाचण्यांवर भिस्त ठेवतात, म्हणजे नाव घराघरात आधीच माहीत असावं लागतं.

सू त्सेंग-चांग यांचा प्रवास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. पिंगतुंगचा वकील, १९७९ च्या काओश्युंग प्रकरणातल्या (लोकशाहीसाठीची निदर्शनं आणि त्यानंतरची धरपकड) आरोपींचा बचाव करणाऱ्यांपैकी एक. १९८१ मध्ये प्रांतिक सभेत, १९८९ मध्ये पिंगतुंग काउंटीचे प्रमुख, १९९३ मध्ये तिथेच पराभव. इतर कोणी त्याच जागेवर पुन्हा चार वर्षांनी लढला असता. ते उत्तरेला गेले, संसदेत आले आणि १९९७ मध्ये, विरोधी मतं फुटलेली असताना, तैपेई काउंटी (आजचं न्यू तैपेई) जिंकली. २००१ मध्ये पुन्हा जिंकली. हे महत्त्वाचं, कारण पहिला विजय फाटाफुटीने मिळू शकतो, दुसरा कारभारानेच मिळतो. पुढे २००६ मध्ये पंतप्रधान, २०१० मध्ये तैपेई महापौरपदाला पराभव, २०१८ मध्ये न्यू तैपेईत होउ यू-यी यांच्याकडून पराभव, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, पुन्हा पंतप्रधान. तिथे पंतप्रधान निवडून येत नाही, राष्ट्राध्यक्ष नेमतात. म्हणून स्थानिक पराभवाने करिअर संपत नाही, कारभार हाताळल्याचा लौकिक असला तर.

महापौराच्या हातात काय असतं? खात्यांचे बहुतेक प्रमुख तो स्वतः निवडतो, पण पोलीस, हिशेब, कर्मचारी आणि दक्षता या चार खात्यांवर केंद्राच्या नियमांचा लगाम असतो. जमीन आणि घरावरचा कर स्थानिक, पण खर्चाचा मोठा भाग केंद्राकडून येणाऱ्या वाट्यावर आणि अनुदानावर चालतो. इथली चूक हळूहळू वाढते आणि एकदम फुटते. म्याओली काउंटीने उत्सव आणि बांधकामांवर वर्षानुवर्षं कर्ज काढलं. जुलै २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत आणि केंद्राकडे हात पसरावा लागला. तोवर आधीचे प्रमुख आपल्या दोन मुदती पूर्ण करून गेले होते, निस्तरायला नवा माणूस होता. त्याच काउंटीत दापू इथे २०१० मध्ये उभ्या भातशेतीत यंत्रं घातली गेली आणि १८ जुलै २०१३ ला चार घरं पाडली. पुढच्या जानेवारीत न्यायालयाने हे संपादन बेकायदा ठरवलं. घरं मात्र आधीच गेली होती. त्या चार कुटुंबांचं नुकसान कुठल्याही निकालाने भरून आलं नाही, आणि स्थानिक सत्ता किती जवळून दुखवू शकते ते इथे स्पष्ट दिसतं.

पद सोडण्याची वेळ हाही कौशल्याचा भाग आहे. मुदतीची दोन वर्षं किंवा जास्त शिल्लक असताना पद रिकामं झालं तर पोटनिवडणूक, त्याहून कमी असतील तर केंद्र हंगामी महापौर नेमतं. लाई सप्टेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान व्हायला गेले, चेन चू एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात गेल्या. दोन्ही वेळा पोटनिवडणूक लागली नाही.

हान कुओ-यू यांनी हे भान ठेवलं नाही. २०१८ मध्ये ८,९२,५४५ मतांनी काओश्युंग जिंकलं आणि काही महिन्यांतच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये तिथे हरले. मतदान घेऊन मधेच परत बोलावण्याचा नियम २०१६ मध्ये सोपा झाला होता: काढण्याच्या बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त हवीत आणि एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्श्याइतकी हवीत. पद घेतल्यावर एक वर्ष मात्र हात लावता येत नाही. ६ जून २०२० ला ९,३९,०९० लोकांनी त्यांना काढण्याच्या बाजूने मत दिलं, म्हणजे निवडून देणाऱ्यांपेक्षा जास्त. लोकांचा राग धोरणांवर कमी आणि आपलं शहर पायरी म्हणून वापरलं यावर जास्त होता, असं मला वाटतं. तरी तेही संपले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते संसदेचे सभापती झाले.

शेवटी मतदानाच्या दिवसाबद्दल, कारण हा सगळा हिशेब तिथे उघड्यावर मांडला जातो. मतदान सकाळी ८ ते दुपारी ४. मतपत्रिका कागदी, त्यावर क्रमांक, फोटो आणि नाव. चार वाजता दार बंद होतं आणि त्याच खोलीत, बहुधा शाळेच्या वर्गात, मोजणी सुरू होते. एक कर्मचारी प्रत्येक मतपत्रिका दोन्ही हातांनी वर धरतो, दुसरा मोठ्याने नाव पुकारतो, तिसरा भिंतीवरच्या कागदावर 正 या पाच रेघांच्या अक्षराची एक रेघ ओढतो. पाच मतं, एक अक्षर. कोणीही नागरिक आत उभा राहून पाहू शकतो. फरक एकूण मतांच्या हजारी तीनपेक्षा कमी असेल तर फेरमोजणी मागता येते. २०१८ मध्ये तैपेईच्या महापौरपदाचा फरक जेमतेम तीन हजार मतांच्या वर, म्हणजे या मर्यादेच्या आत होता आणि फेरमोजणी झाली. रात्री आठ-नऊपर्यंत बहुतेक नगरसेवकांना आपलं भवितव्य कळलेलं असतं. दुसऱ्या सकाळी ते उघड्या गाडीवर उभे राहून गल्लोगल्ली मतदारांचे आभार मानत फिरतात. पडलेलेही फिरतात, त्याच रस्त्यांनी, त्याच ध्वनिक्षेपकावरून.